तीन पडला तर

सरांना वरण-भात कालवून खाताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी मला भीती वाटली.

एरवी त्यांच्या डब्यात भात वेगळा, वरण वेगळं. आधी कोरडा भात संपवायचा, मग वरणाची वाटी तोंडाला लावायची. आमच्या धरणगावच्या शाळेत ते गणित शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि पुढे त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले, त्यामुळे हा डबा मी वर्षानुवर्षं पाहिला. स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी छेडायचंच. "सर, पोटात गेल्यावर कालवलं जातंच की हो!" सर मान वर न करता म्हणत, "तो पोटाचा प्रश्न. माझ्याकडून एका घासाला एकच घटना."

घटना हा त्यांचा लाडका शब्द. दहावीच्या पुस्तकातलं संभाव्यतेचं प्रकरण म्हणजे चार-सहा गुणांचा मामला. बाकीचे शिक्षक ते तीन तासांत उरकून मोकळे होत. सर त्याला तीन आठवडे देत, आणि त्यातले दोन एकाच व्याख्येवर घालवत. परस्पर अपवर्जी घटना. एकाच वेळी घडूच शकत नाहीत अशा दोन घटना. डब्याचं झाकण फळ्यावर ठेवून ते दोन गोल काढत, एकमेकांपासून चांगले वीतभर लांब. मग मधल्या काळ्या जागेवर बोट आपटून सांगत, "इथं एक टिंबसुद्धा सामाईक नाही. एक घरात आली की दुसरीनं उंबऱ्याबाहेर राहायचं." खडूची धूळ त्यांच्या मिशीवर बसे आणि मागच्या बाकावर खसखस पिके.

हे वेड फळ्यापुरतं असतं तर मी लिहायला बसले नसते. त्यांच्यासमोर 'बघतो' म्हणायची सोय नव्हती. शिपायाला विचारलं, "उद्या येणार का?" आणि तो बिचारा "बघतो सर" म्हणाला, की संपलं. "येतो म्हण, नाहीतर नाही म्हण. बघतो ही घटना कुठल्या नमुना अवकाशात बसते?" नमुना अवकाश म्हणजे जे जे घडू शकतं त्या सगळ्याची यादी. एकदा जळगावात आणि एरंडोलला एकाच मुहूर्तावर दोन लग्नं होती. आपल्याकडे माणूस काय करतो? अक्षता इथं टाकतो, पंगतीला तिथं बसतो, दोघांनाही वाटतं आला होता. सर एरंडोलला गेले आणि जळगावच्या वधूपित्याला त्यांनी पोस्टकार्ड टाकलं, की आपल्या कन्येचा विवाह आणि एरंडोलचा विवाह या परस्पर अपवर्जी घटना असल्यानं उपस्थित राहता येत नाही, क्षमस्व. तो गृहस्थ ते कार्ड खिशात घालून गावभर दाखवत फिरला, आणि आम्ही पोट धरून हसलो.

त्यांची एकुलती एक मुलगी योगिता माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. घरी ती त्यांना नाना म्हणायची. एकदा वर्गात चुकून "नाना, ही बेरीज..." असं तोंडून निघालं. सर वळले. "इथं नाना नाहीत. घरी सर नाहीत. दोन्ही एकदम कुठंच नाहीत. उभी राहा." तास संपेपर्यंत ती उभी होती. खाली मान घालून फुसफुस हसत होती, आणि मी तिच्या ओढणीचं टोक दाताखाली धरून हसू दाबत होते. आम्हाला ते सगळं गमतीचं वाटायचं.

त्यांच्या खिशात एक लाकडी फासा असे. सुताराकडून करून घेतलेला, लिंबाएवढा, ठिपके डागून काढलेले. संभाव्यतेच्या पहिल्या तासाला त्यांनी आम्हा दोघींना पुढे बोलावलं. योगिताला म्हणाले, "तुझा दोन." मला म्हणाले, "तुझा पाच. दोन पडला तर ही जिंकली, पाच पडला तर तू. दोघी एकदम जिंकाल का?" आम्ही नाही म्हटलं. "शाबास. म्हणजे या घटना परस्पर अपवर्जी. आता सांगा, दोघींपैकी एक तरी जिंकेलच का?" आम्ही दोघी एका सुरात हो म्हणालो. सरांनी फासा टेबलावर टाकला. तीन पडला.

"हीच चूक," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सगळं गाव हीच चूक करतं. दोन गोष्टी एकदम होत नाहीत एवढं कळलं, की लोकांना वाटतं त्यातली एक होणारच. अगं बायांनो, तीनही पडतो. दोघीही हरता. हे ज्याच्या डोक्यात शिरलं त्याला गणित आलं." ते वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती वही अजून आहे.

या माणसाचं माझ्यावर ऋण आहे, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायला जात. दहावीचा निकाल लागला आणि पारोळ्याकडचं स्थळ चालून आलं. भाऊंनी होकार कळवायची तयारी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर सायकलवरून आमच्या अंगणात. खाट दिली तर बसले नाहीत. काडी उचलली, उकिडवे बसले आणि मातीत दोन गोल काढले. फळ्यावरच्यासारखे लांब नव्हते ते. एकमेकांत घुसलेले होते.

"हाई लगीन," ते भाऊंना आमच्या अहिराणीत म्हणाले. "हाई शिक्सन. मझारला भाग दखा. पोर तठे बसाडा. दोन्ही व्हई जाई."

भाऊंना गोल आणि त्यांचा मधला सामाईक भाग काय कळणार? पण एवढा मास्तर आपल्या अंगणातल्या धुळीत बसलाय, हे त्यांना कळलं. लग्न पाच वर्षं पुढं गेलं. मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि शाळेत जागा निघाली तेव्हा माझ्यासाठी शब्द टाकायलाही सरच गेले. आज मी माझ्या पायावर उभी आहे ती मातीतल्या त्या दोन गोलांमुळे.

योगिता डिप्लोमा करून भुसावळजवळ दीपनगरला वीज केंद्रात लागली. तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा चांगला, शिकलेला, शांत. फक्त दुसऱ्या जातीचा. सांगायला ती स्वतः घरी आली. त्या दिवशी मी तिथं नव्हते. काय झालं ते काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला नंतर विहिरीवर सांगितलं.

सरांनी आरडाओरडा केला नाही. पेपरची एक पुरवणी घेतली, डब्याचं झाकण घेतलं आणि दोन गोल काढले, वीतभर लांब. "हाई तो. हाई घर."

योगितानं माझं नाव घेऊन विचारलं, "नाना, तिना भाऊले तुम्ही चिकटेल गोल दखाडात ना?"

"ती लोकसनी पोर व्हती," सर म्हणाले.

काकूंनी हे सांगितलं तेव्हा मी बादली खाली ठेवली. इतकी वर्षं मला वाटत होतं की सरांनी मला लेकीसारखं मानलं. मी लोकांची होते म्हणून ते उदार झाले होते, हे त्या दिवशी समजलं. तरीही मी त्यांना काही विचारलं नाही. योगितानं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आमच्याकडून कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. शाळेची परीक्षा होती, असं तिला फोनवर सांगितलं.

आता आखाजीचं सांगायला हवं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खानदेशात तो सण दिवाळीहून मोठा. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधले जातात, पोरीबाळी, लेकुरवाळ्या बाया, सगळ्या झोक्यावर. त्याच दिवशी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची असते. घरचा कर्ता माणूस एकेका पितराचं नाव घेतो आणि उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो. ज्याच्या नावाचं करायचं त्याच्या जागी एक माणूस पितर म्हणून जेवायला बोलवायचा. पुरुषाच्या नावानं पुरुष, बाईच्या नावानं बाई. एका अंगणात एकाच दिवशी जित्या लेकींनाही बोलावणं आणि मेलेल्यांनाही. पण एकाच नावाला दोन्ही बोलावणी कधी जात नाहीत. एवढं तर अडाण्यालाही कळतं.

योगिताच्या लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला सर सकाळी सकाळी माझ्या दारात आले. "दुपारी जेवायला ये. पितर म्हणून. योगिताच्या नावाचं आहे."

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांच्या बोटाकडे लक्ष गेलं. कुंकू लागलेलं होतं.

त्याच वेळी म्हणायला हवं होतं, सर, ती जिवंत आहे, कालच माझ्याशी फोनवर बोलली, मसाल्याच्या डाळीत किती पाणी घालायचं ते विचारत होती. मी म्हणाले, "येते सर." का म्हणाले? त्यांचे उपकार होते, नोकरी त्यांच्या शब्दावर लागलेली होती, त्यांच्यासमोर 'बघते' म्हणता येत नव्हतं. ही सगळी कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता ती पाठ झाली आहेत. खरं कारण एकच. मी भित्री होते.

त्यांच्या उंबऱ्यावर नेहमी पाच बोटं असायची. त्या दिवशी सहा होती. मी ती ओलांडून आत गेले आणि पाटावर बसले. खापरावरची पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई, भजी. सरांनी स्वतः वाढलं. काकू चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. बाहेर निंबाला झोका बांधलेला होता, तो मात्र काकूंनी. त्यावर दिवसभर कोणी बसलं नाही. नवऱ्यानं लेकीच्या नावाची घागर भरली होती, आणि बायकोनं त्याच लेकीसाठी झोका टांगला होता. नियम शिकवणारा माणूस त्या दोन्हींच्या मध्ये बसून कोरडा भात खात होता.

संध्याकाळी योगिताचा फोन आला. "आखाजीला काय केलंस गं?" मी म्हणाले, "काही नाही. घरीच होते."

अशा तीन आखाज्या गेल्या. तीन वेळा मी तिच्या नावानं जेवले आणि तीन वेळा तिच्याशी खोटं बोलले. माणसाला सवय कशाचीही होते. तिसऱ्या वर्षी तर मी रस दुसऱ्यांदा मागून घेतला.

चौथ्या वर्षी काकूंनी एक बेत केला. गुपचूप योगिताला फोन करून सांगितलं, "ये, नाना नरमनात." आईचं खोटं. सर काही नरमले नव्हते. पण लेक समोर दिसली तर नरमतील, असा त्या बाईचा हिशेब होता. उंबऱ्यावरच्या बोटाबद्दल त्या तिला काही बोलल्या नाहीत. ते कोणत्या तोंडानं सांगणार? दुपारी चारला ये म्हणाल्या. तोवर जेवणं आटोपतील, सर आडवे होतील, उंबरा पुसून घेऊ. पण भुसावळहून तिला थेट गाडी मिळाली आणि ती एक वाजताच पोचली.

मी पाटावर होते. तोंड दाराकडे. वैशाखाचं ऊन अंगणात नुसतं तापत होतं. आधी तिचा आवाज आला. "माय, झोका बांधेल शे!" किती आनंद होता त्या आवाजात, मी सांगू शकत नाही. हातात केळ्यांची फणी, अंगावर हिरवी साडी. झोक्याच्या दोरीला हात लावून ती दाराशी आली, एक पाय उचलला, आणि तो तसाच थांबला.

ती उंबऱ्याकडे बघत होती. लहानपणापासून तिनं ती पाच बोटं पाहिली होती.

"हाई सहावं कोनं शे?"

तिनं मान वर केली. तिला पाट दिसला, पाटावरची मी दिसले, समोरचं ताट दिसलं. गणिताच्या मास्तरची मुलगी ती. तिला फार वेळ लागला नाही.

"नाना," ती म्हणाली, "बाहेर झोका मना नावना. आनि आठे बोट बी मना नावनं. दोन्ही एकदम व्हत नहीत. तुम्हीच शिकाडं ना?"

सरांच्या हातात रसाचं पातेलं होतं. "झोका मी बांधेल नही."

"मंग मी मरेल शे?"

"या घरना नमुना अवकाश मी ठरावस," सर म्हणाले. आवाज फळ्यासमोरचाच होता. "त्यात दोनच घटना शेत. त्याले सोडीसन तू घर येशी, नही तर माले मरेल शे."

"आनि तिसरं काहीच नही, नाना?"

मला तो तास आठवला. टेबलावर पडलेला फासा आठवला. तिलाही तेच आठवत असणार, कारण हे विचारताना तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि सरांना आठवत नव्हतं असं कसं म्हणू? ते खाली वाकले आणि माझ्या भरलेल्या वाटीत आणखी रस वाढला. वाटी भरून रस ताटात सांडला, पुरणपोळीखाली गेला, तरी ते वाढत होते.

योगितानं मला विचारलं, "कितला वरीस?"

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला आणि वर्गात उत्तर द्यावं तशी म्हणाले, "हे चौथं."

"पोटभर जेव वं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. घरी आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं म्हणाली. केळ्यांची फणी तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली आणि परत फिरली. काकू पाण्याचा तांब्या घेऊन अनवाणी तिच्यामागे धावल्या. तापलेल्या फुफाट्यात त्यांचे पाय भाजले. रिक्षा वळली होती.

मी उठायला हवं होतं. दुसरं काही नाही, नुसतं पाटावरून उठून उभं राहायचं होतं. एवढ्यानंही तिला कळलं असतं. मी उठणार तेवढ्यात सर म्हणाले, "ताट पुरं कर. पितरानं ताट टाकू नये." आणि मी ताट पुरं केलं. सांडलेला रससुद्धा बोटानं पुसून खाल्ला.

त्या दिवसानंतर योगितानं माझा फोन घेतला नाही. काकूंनी संध्याकाळी झोका सोडला, दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली. केळी दारातच काळी पडली. पुढच्या आखाजीला सरांचं बोलावणं आलं तेव्हा मी ताप आल्याचं सांगितलं. शौर्य म्हणावं असं त्यात काही नव्हतं, पुन्हा एक खोटंच. त्या वर्षी त्यांनी संभाव्यतेचं प्रकरण तीन तासांत उरकलं. फासा काढलाच नाही. मुलांना वाटलं सर म्हातारे झाले. पुढं मी चाळीसगावच्या शाळेत बदली मागून घेतली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

सर निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, एका रविवारी, न कळवता माझ्या घरी आले. जळगावला गाडी बदलून चाळीसगावपर्यंत एकटे. अंगावरचा सदरा चुरगळलेला. मी जेवायला वाढलं, सवयीनं भात एका ताटलीत आणि वरण वाटीत. त्यांनी वरणाची वाटी उचलली, सगळं वरण भातावर ओतलं आणि कालवायला लागले. नीट जमत नव्हतं. आयुष्यात कधी केलेलं नव्हतं ना. दोन बोटांनी भात नुसता ढकलत होते. मी हे पाहिलं आणि मला भीती वाटली.

"मी उंबरा बदलला," ते म्हणाले. "जुना काढून टाकला. ग्रॅनाइटचा बसवला. पुसायचा प्रश्नच नाही." मग म्हणाले, "तिला फोन लाव."

त्यांचा फोन ती घेत नव्हती, माझाही नाही. मी नवऱ्याच्या फोनवरून लावला. तिनं उचलला. मी नाव सांगितल्यावर ती ठेवून देईल असं वाटलं होतं. तिनं ठेवला नाही. मागं कुकरची शिट्टी झाली.

"सर आलेत इथं," मी म्हणाले. "त्यांनी नवा उंबरा बसवलाय. ह्या आखाजीला तू यावंस असं म्हणताहेत."

मग तिनं विचारलं, "आईचा गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच."

"हं." मग म्हणाली, "नानांना सांग, मला राग नाही. मी येणार नाही. आणि मी मेलेलीही नाही. दोन्हीतलं काहीच नाही. त्यांना समजेल."

मी फोन ठेवला आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सरांनी हात धुतला. खिशातून तो लाकडी फासा काढला, ठिपके आता पुसट झाले होते. तो त्यांनी टाकला नाही. बोटांनी फिरवून फिरवून तीनची बाजू वर आणली आणि माझ्यासमोर ठेवला.

"तीन," ते म्हणाले. "बरोबर आहे तिचं. पैकीच्या पैकी गुण." आणि ते रडायला लागले. शिकवताना कधी खोकल्यासाठीही न थांबणारा माणूस माझ्या स्वयंपाकघरात, कालवलेल्या भातासमोर, पोरासारखा रडत होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला. ही गोष्ट तुम्हाला माहीत होती सर, असं मला ओरडायचं होतं. आम्हाला तुम्हीच शिकवली होती. पण चार वर्षं त्यांच्या घरी जेवलेल्या बाईला ओरडायचा काय अधिकार? मी पाण्याचा पेला पुढं केला. फासा ते तिथंच विसरले, की मुद्दाम ठेवून गेले, मला माहीत नाही.

त्या आखाजीला त्यांनी मला बोलावलं. "पितर म्हणून नाही. नुसतं ये." मी गेले. नव्या काळ्या उंबऱ्यावर पाचच बोटं होती. पाट मांडलेला नव्हता. आणि निंबाला झोका बांधलेला होता, एक दोरी लांब, एक आखूड, फळी कलंडलेली. बांधलाय कुणी ते सांगायची गरज नव्हती. काकू ओट्यावर बसून गहू निवडत होत्या आणि झोक्याकडे बघतही नव्हत्या. "कोन येनार शे?" त्यांनी एकदा विचारलं.

सर म्हणाले, "बघू."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. भुसावळकडून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या. प्रत्येक वेळेला ते फाटकापर्यंत जात आणि परत येत. चार वाजले, पाच वाजले. शेवटी ते माझ्याजवळ आले. डोळे माझ्याकडे नव्हते, झोक्याकडे होते.

"तू बस ना जरा. घटकाभर. मी झोका देतो."

चाळिशीला टेकलेली बाई मी, केस पिकायला लागलेले. त्यांना कुणीतरी हवं होतं त्या फळीवर. चार वेळा मी तिची मेलेली जागा भरली होती, आता ते जिवंत जागाही माझ्याकडूनच भरून घेणार होते.

"नाही सर," मी म्हणाले. "माझा पाच. दोन तिचा होता."

त्यांनी मान हलवली. विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं की हलवत तशीच. मग ते एकटेच झोक्यापाशी गेले आणि रिकामी फळी हलवत उभे राहिले. उठायचं तेव्हा मी उठले नव्हते. आता बसले नाही. पण या नकाराचा आता कुणाला उपयोग होता? योगिताला तर नव्हताच.

दिवाळीच्या आत सर गेले. मी योगिताला कळवलं. ती "बरं" म्हणाली, आणि आईला सांभाळ म्हणाली. आली नाही.

फासा माझ्याकडे आहे. दरवर्षी संभाव्यतेच्या तासाला मी तो वर्गात नेते, पण दोन मुलींना पुढे बोलावून तुझा दोन, तुझा पाच असं कधी करत नाही. नुसतं उदाहरण सोडवून देते.

यंदा आखाजीला मी धरणगावला गेले. काकूंनी ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर सहा बोटं ओढली. सहावं सरांचं. झोक्याची दोरी माळ्यावरच होती, ती कुणी काढली नाही.